भंडाऱ्याची तहान

घंटी वाजली तशी अयोध्या तव्यावरची भाकरी टाकून दाराकडं धावली. कडीला बांधलेल्या घंटीला नाक लावून भंडाऱ्या उभा होता. कुत्र्याचं पिवळंधमक पिल्लू, जेमतेम चार महिन्यांचं. तिनं त्याला लिंबाखाली नेलं, काम उरकल्यावर "शाब्बास रं माझ्या राजा!" म्हणत भाकरीचा तुकडा दिला. परत आली तोवर तव्यावरच्या भाकरीचा कोळसा झाला होता.

तिचे सासरे, बब्रुवानमामा, खाटेवरून बघत होते. सकाळपासून ही पाचवी खेप, पण बाईच्या कपाळावर आठी म्हणून नाही! मुतायला लागली की घंटी वाजवायची, हे तिनं त्या मुक्या जिवाला पंधरा दिवस शिकवलं. फरशीवर घाण केली तरी बोट लावलं नाही. पुसून घ्यायची आणि पुन्हा त्याचं नाक घंटीला नेऊन लावायची. वा गं बहाद्दर, मामा मनात म्हणाले. एवढा दम त्यांना खोंड शिकवताना कधी धरवला नव्हता.

तेवढ्यात फोन वाजला. नवरा, उत्तरेश्वर, एसटीवर ड्रायव्हर. लातूरच्या स्टँडवरून बोलत होता. पिठाच्या हातानं तिनं स्पीकर लावला.

"सारखं मुततंय म्हंजे आजार हाय त्याला. आधीच आमचे अण्णा खाटेवर पडलेत, त्यात हे कुठं? उद्या आलो की मळ्यात सोडतो."

"आवो, शिकलंय ते आता. सोडू नगा," अयोध्याचा आवाज ओला झाला. पण फोन बंद झाला होता.

मामांनी तोंड भिंतीकडं वळवलं. आता काय म्हणावं या म्हाताऱ्याला! खुब्याचं हाड मोडून महिना झालेला. डॉक्टरनं बजावलेलं, दिवसाला तीन तांबे पाणी पोटात गेलं पाहिजे, नाहीतर किडनी हातची जाईल. अयोध्या तांब्या भरून उशाला ठेवायची आणि तिची पाठ वळली की मामा तो खाटेखालच्या भंडाऱ्याच्या वाटीत ओतायचे. लेक घरी असला तरच दोन घोट घ्यायचे. पाणी प्यालं की मोरीत जाणं आलं, आणि तेही सुनेच्या खांद्यावर हात टाकून. तिला पदर सावरता यावा म्हणून बारा वर्षं ज्यानं खाकरल्याशिवाय उंबरा ओलांडला नाही, त्यानं तिला हे सांगायचं कोणत्या तोंडानं? जीव गेला तरी चालेल, पण लाज जाऊ नये.

पण दुसऱ्याचा जीव? खाटेखाली पिल्लू त्यांच्या लोंबत्या हाताची बोटं चाटत होतं.

"त्याला आजार न्हाय," मामा भिंतीशीच बोलले. "तुझा तांब्या म्याच पाजतो त्याला. रोज."

अयोध्या जागच्या जागी थांबली. रिकाम्या तांब्याकडं बघितलं, मामांच्या सुकलेल्या ओठांकडं बघितलं. डोळे पाण्यानं भरले आणि त्यातच हसू फुटलं.

"मामा! त्या लेकराला कशाला वो बदनाम केलं?"

तिनं तांब्या भरून आणला, मामांच्या हातात दिला आणि या वेळी पाठ वळवली नाही. मामांनी तो तोंडाला लावला. मिशा भिजल्या, सदरा भिजला, तरी थांबले नाहीत. शेवटचा घोट घेऊन त्यांनी तांब्या खाली ठेवला, तशी ती उरलेल्या भाकऱ्या थापायला उठली.

मामांनी मोरीकडं बघितलं, मग मान वळवून पहिल्यांदाच सुनेकडं नीट बघितलं.

"बाळा, लई लांब जाऊ नगंस."