ड्रायव्हरशिवाय

दुकानदार तिच्या नवऱ्याकडे बघूनच बोलत होता, जणू गोल्फची बॅग तिची नव्हतीच. "साहेब, जरा मॅडमना समजवा. जवळच्या फटक्यांना दोन वेज पुष्कळ झाल्या. चार घेतल्या तर बॅगेत चौदाच स्टिकांचा नियम आहे, ड्रायव्हर बाहेर काढावा लागेल. लांब मारणारी स्टिकच नाही म्हटल्यावर खेळायचं कसं?"

"मॅडम इथेच उभ्या आहेत," ती म्हणाली, "आणि त्यांना ऐकूही येतं."

तिने एकेक वेज हातात घेतली, कमरेपर्यंतच झुलवून पाहिली आणि मनासारख्या चार काउंटरवर ठेवल्या. मग बॅगेतला ड्रायव्हर उपसून नवऱ्याच्या हातात दिला. "हा घ्या तुम्हाला. लांबच्या गप्पांची हौस तुम्हालाच."

नवरा तिच्या कानाशी लागला. "अगं, कशाला हा हट्ट? ऑपरेशनचे टाके आत्ता कुठे सुकलेत. डॉक्टर काय म्हणाले, विसरलीस?"

"विसरेन कशी? छाती माझी कापलीय, तुमची नाही." तिने आवाज मुळीच खाली आणला नाही. "हात खांद्याच्या वर न्यायचा नाही, एवढंच म्हणाले ते. वेजच्या छोट्या फटक्याला तो न्यावाच लागत नाही."

दुकानदार काउंटर पुसू लागला.

"लोक हसतील गं," नवरा पुटपुटला.

"हसू देत. त्यांचा चेंडू तीन फटक्यांत होलमध्ये जाईल, माझा दहा फटक्यांत जाईल. पण दहाही फटके मीच मारणार."