हॉर्नचा रिले

बॉनेट उघडून सासरा आणि जावई मघापासून एकमेकांवर गुरकावत होते.

"येताना चालू होता एसी," जावई म्हणाला. "मस्त गार हवा येत होती. तुमच्या दारात उभी केली आणि बंद पडला?"

"जुनी गाडी आहे. बिघडायच्या आधी विचारत नाही ती."

"जुनी होती तर आमच्या गळ्यात कशाला मारलीत?"

गाडी सासऱ्याचीच. लग्नानंतर मोठ्या कौतुकाने लेकीला दिलेली, आणि दिल्या दिवसापासून जावयाने चालवलेली. आज तो तीच घेऊन बायकोला आणि तीन महिन्यांच्या बाळाला न्यायला आला होता. आला म्हणजे काय, फाटकाबाहेर हॉर्नवर हात ठेवून बसून राहिला, सासू ओल्या हातांनी धावत जाऊन फाटक उघडेपर्यंत. तिनेच मग ते मागून लावूनही घेतलं. खाली उतरून फाटक ढकललं असतं तर काही हात झिजले नसते. पण सांगणार कोण?

मुलगी बाळाला मांडीवर घेऊन पायरीवर बसली होती. मागच्या आठवड्यात ती घरातल्याच स्लिपर घालून, बाळ आणि एक पिशवी घेऊन आली. का आलीस, हे कोणी विचारलं नाही. होईल आपोआप शांत, असं आईचं म्हणणं. आज सकाळीच ती लेकीची बॅग भरून मोकळी झाली होती. तिची अट एकच: एवढ्या उन्हात एसीशिवाय बाळाला न्यायचं नाही. मुलीला त्या घरी परत जायचंच नव्हतं. पण तिच्याकडे बघायला कोणाला वेळ होता?

सासऱ्याने पट्टा दाबून पाहिला. पाइपांना हात लावला. "गॅस गेलाय," म्हणाला. मग म्हणाला, "नाहीतर कॉम्प्रेसर. गॅरेजला टाकावी लागेल. चार-पाच दिवस तरी जातील."

मुलीने मान वर केली.

लहानपणी सुट्टीच्या दिवशी बाबा याच गाडीत डोकं घालून बसायचे आणि ती टॉर्च धरून उभी राहायची. त्यांचा नियम तिला पाठ होता. आधी फ्यूज, मग रिले, म्हणजे एसीला वीज पोचवणारा तो चौकोनी काळा ठोकळा, मग गॅस, आणि अगदीच गळ्याशी आलं तर कॉम्प्रेसर. फुकटातलं आधी, खर्चाचं नंतर. हा माणूस घरातला पंखा बंद पडला तरी आधी बटण तपासायचा. आणि आज एकदम कॉम्प्रेसर? फ्यूज आणि रिले असतात ती बॅटरीशेजारची पेटी त्यांनी उघडलीसुद्धा नव्हती. उलट तिच्यावर पुसायचं फडकं टाकून ठेवलं होतं.

आणि जावई आत पंख्याखाली चहा पीत होता तेव्हा "गाडी जरा सावलीत लावतो" म्हणून किल्ली घेऊन कोण बाहेर गेलं होतं, तेही तिला आठवलं.

"गॅरेज-बिरेज काही नको," जावई म्हणाला. "काचा खाली करू, वारा येईल. चल, ऊठ."

"अहो, पण बाळाला..." सासू म्हणाली.

"बाळ काय लोण्याचं आहे, वितळायला? ऊठ म्हटलं ना."

सासऱ्याजवळ एवढी एकच युक्ती होती आणि ती वाया गेली होती. पुसलेलेच हात तो पुन्हा पुसत राहिला.

मुलगी उठली. बाळ आईकडे दिलं आणि गाडीशी आली. फडकं बाजूला केलं, पेटीचं झाकण काढलं. एसीच्या रिलेची जागा रिकामी होती. तिने बाबांकडे पाहिलं. बाबांचा हात खिशावर गेला.

"तुला काय कळतं त्यातलं?" नवरा म्हणाला.

या गाडीत एसीचा आणि हॉर्नचा रिले एकाच मापाचे. एकाचा संशय आला की दुसरा लावून बघायचा, हेही बाबांनीच शिकवलेलं. तिने हॉर्नचा रिले हलवून हलवून उपसला आणि रिकाम्या जागेत दाबून बसवला. मग आत वाकून किल्ली फिरवली, एसीचं बटण दाबलं. टक् असा आवाज झाला, इंजिनाची घरघर जराशी जड झाली आणि जाळीतून गार हवा यायला लागली. बाबांचा चेहरा पार उतरला.

"बघा," नवरा सासऱ्याला म्हणाला. "म्हणे कॉम्प्रेसर. चल, बस आता."

"एसी झाला," ती म्हणाली. "आता उन्हाचं निमित्त नको. मी येणार नाही."

"काय?"

"आजही नाही, उद्याही नाही. जा तू."

त्याने बॉनेट धाडकन आपटलं. "परत न्यायला येणार नाही मी, सांगून ठेवतो. बसा इथेच बापलेक एकमेकांची तोंडं बघत." दार लावून घेऊन तो गाडी वळवू लागला.

बाबांनी खिशातून तो काळा ठोकळा काढला. "मीच काढला होता," ते हळूच म्हणाले. "तू जाऊ नयेस म्हणून."

"कळलं मला." तिचा आवाज चढला. "गाडी कशाला बिघडवायची, बाबा? मला विचारायचं होतं, तुला जायचंय का म्हणून. एकदा तरी."



फाटकाशी गाडी थांबली. जावयाचा हात सवयीने हॉर्नवर पडला. आवाज नाही. त्याने पुन्हा दाबला, मग मूठ आपटली. काचेआड तो काहीतरी ओरडत होता, तेही इकडे ऐकू येत नव्हतं.

आई बाळाला खांद्यावर टाकून फाटकाकडे निघालीच होती. मुलीने तिचा दंड धरला.

"थांब," ती म्हणाली. "उघडेल तो."