होयबाची कबुली

“आग मीच लावली,” होयबा चौथ्यांदा म्हणाला, आणि तपास करणाऱ्या साहेबांनी जबाबाचा कागद त्याच्यापुढे सरकवला.

होयबा तीस वर्षांचा. हॉस्पिटलच्या धुलाईखान्यात चादरींच्या घड्या घालायचा. कोणी काहीही म्हणो, हा मान डोलावणारच. म्हणून तिथल्या बायकांनी त्याचं हे नाव पाडलं होतं. काल चादरींच्या खोलीला आग लागली आणि रखवालदार आत गुदमरून मेला. साहेबांना सकाळपासून वरून फोन येत होते. आता कुठे त्यांचा जीव भांड्यात पडला.

आधी होयबा म्हणाला होता, काडी ओढली. “नुसत्या काडीनं एवढं पेटतं होय रे? रॉकेल ओतलं असशील.” मग होयबा म्हणाला, हो, रॉकेल. चार तास हेच चाललं होतं. प्रत्येक ‘हो’ला साहेब पाठीवर थाप मारत आणि होयबाची कळी खुले. सही करून त्याने विचारलं, “आता घरी जाऊ ना?” हवालदार खो खो हसला.

तेवढ्यात त्याची आई हातात फाईल घेऊन आत घुसली.

“साहेब, हा काहीही कबूल करतो हो! याला धड आठवत नाही. समोरच्याचा चेहरा पडला की हा हो म्हणून मोकळा होतो.”

“सगळ्या आया असंच म्हणतात, बाई. सही झालीय. आता जन्मठेप.”

आईच्या पायाखालची जमीन सरकली. जी गोष्ट तिने सख्ख्या बहिणीलाही कळू दिली नव्हती, ती भर चौकीत, लेकाच्या देखत तिच्या तोंडून बाहेर पडली.

“हा पोटात होता तेव्हा मी दारू प्यायचे. रोज. तीच याच्या मेंदूला बाधली. डॉक्टरांनी लिहून दिलंय यात. गुन्हा माझा आहे, साहेब, याचा नाही!”

ती ढसाढसा रडू लागली.

होयबाला आईचं रडणं बघवेना. त्याने शर्टाच्या बाहीने तिचे डोळे पुसले आणि तो साहेबांपुढे येऊन उभा राहिला. हवालदाराने सवयीने पेन उचललं.

“आईला घरी जाऊ द्या, साहेब,” होयबा म्हणाला. “ती दारू मीच प्यायलो.”