आज खुर्ची कोण?

खटक्.

बाळाचा ओठ थरथरला, वाकडा झाला आणि मग त्याने भोकाड पसरलं.

"काय झालं हो?" खुर्चीने विचारलं.

खुर्ची म्हणजे आई. अजून बसता न येणाऱ्या बाळांचे फोटो या स्टुडिओत असेच निघायचे. बाळाच्या आईने खुर्चीवर बसायचं. डोक्यापासून पायांपर्यंत निळी चादर पांघरायची. मांडीवर बाळ ठेवायचं आणि चादरीच्या फटीतून हात काढून, झबल्याच्या मागे लपवून, त्याची कंबर धरायची. फोटोत आई दिसत नाही. दिसते एक निळी खुर्ची. गिऱ्हाईक आलं की फोटोग्राफर हसत विचारायचा, "बोला, आज खुर्ची कोण?"

आज गिऱ्हाईक घरचंच होतं.

"काही नाही, पुन्हा घेऊ," फोटोग्राफर म्हणाला. "भिंगरे, खुळखुळा!"

त्याच्या पाच वर्षांच्या लेकीने कॅमेऱ्याशेजारी उभं राहून खुळखुळा वाजवला. बाळ गप्प झालं. बाळाने वर बघितलं. बाबाचा डोळा कॅमेऱ्याला लागला आणि भिंगरीने नाकाचा शेंडा वर दाबून, बुबुळं फिरवून, जीभ हनुवटीपर्यंत

खटक्.

पुन्हा भोकाड.

या वेळी बाबाने वेळेत मान वळवली होती. "अस्सं! म्हणजे हे तुझे उद्योग!"

भिंगरीने जीभ आत घेतली. खुळखुळा पाठीमागे लपवला. तो पाठीमागेही वाजलाच.

दुकानाच्या दर्शनी काचेत इतकी वर्षं तिचा फोटो होता. पाच महिन्यांची भिंगरी, ताठ, एखाद्या न्यायाधीशासारखी बसलेली. समोरचा किराणावाला तिला "काचेतल्या बाईसाहेब" म्हणायचा. आता उन्हाने बाईसाहेबांचे गाल निळे पडले होते. सकाळी बाबाने तो फोटो तिथून काढून टेबलावर ठेवला. काचेत चौकोनी जागा रिकामी राहिली. ती कुणासाठी, हे सांगायची गरज नव्हती. आईची कूसही बाळाची. गोष्ट बाळ झोपेपर्यंत, तीही हळू आवाजात. आणि भिंगरीला काय? "तू आता मोठी झालीस हं." हे म्हणे बक्षीस.

"त्याला खुर्ची कशाला लागते?" ती ओरडली. "बसू दे ना एकट्याला! मी बसले होते! एवढीशी होते तरी बसले होते! मला नव्हतं कुणी धरलं!"

"अगं पण..."

"तूच सांगतोस सगळ्यांना!"

सांगायचा खरा. काचेकडे बोट दाखवून प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगायचा, "ही आमची लेक. कुणाच्या आधाराशिवाय बसलीय बघा." धंद्यातली थाप. गिऱ्हाइकं दार ओलांडलं की विसरायची. एक जण विसरली नव्हती.

 खुर्ची म्हणाली, "अहो, सांगा तिला. बाहेरच्यांना फसवलंत तेवढं पुरे."

फोटोग्राफर स्वच्छ असलेली काच पुसू लागला.

शेवटी चादर मागे सरली. आईचे केस चारी दिशांना उभे राहिले होते. "आण इकडे तो फोटो," ती म्हणाली. भिंगरीने आणला. "इथे बघ. झबल्याच्या झालरीखाली. काय आहे?"

"झालर."

"झालरीच्या खाली गं."

भिंगरीने नाक फोटोला टेकवलं. झालरीखाली काहीतरी होतं. चार छोटे फिकट उंचवटे. बोटं. पहिल्या बोटावर आडवा पांढरा वण.

तिने आईचा हात ओढून घेतला. फोटो कापताना लागलेला वण. तोच.

"खुर्ची तू होतीस?"

"मी होते."

"सगळा वेळ?"

"दोन तास. तुझा बाबा तेव्हा नवशिका होता. तू दोनदा शू केलीस माझ्यावर. मी हललेसुद्धा नाही."

"मग मला कशी दिसली नाहीस?"

"तू पुढे बघत होतीस ना. मी मागे होते."

भिंगरीला हसू आलं. ते तिने दाबलं. मग रडू आलं. तेही दाबायला गेली, पण जमलं नाही.

आईने बाळ बाबाकडे दिलं आणि चादरीची एक बाजू उचलली. "ये."

आत निळा अंधार होता. साबणाचा वास होता आणि थोडा दुधाचा. भिंगरी आईच्या मांडीवर बसली. पाय खाली लोंबायला लागले. एवढी लांब ती कधी झाली, दोघींपैकी कुणालाच कळलं नव्हतं. आईने वरून चादर ओढली. फटीतून भिंगरीचे हात बाहेर काढले. त्या हातांत बाबाने बाळ दिलं.

बाळ डुललं.

"घट्ट धर," आई कानाशी म्हणाली. तिचे हात भिंगरीच्या कमरेभोवती होते.

खुळखुळा वाजवायला कुणी उरलं नव्हतं. फोटोग्राफरने स्वतःच दातांत धरला आणि मान हलवली. बाळाला त्यात काय दिसलं कोण जाणे. ते बोळक्या तोंडाने खिदळलं.

खटक्.

"वा! झालं!" तो म्हणाला. "उठा आता."

खुर्ची हलली नाही. आत काहीतरी कुजबुज चालली होती. मध्येच कुणीतरी खुदखुदलं.

बाळाचा ओठ थरथरला. त्याने सूर लावला, मग चढवला. फोटोग्राफर वाट बघत राहिला. एरवी एवढ्यात आई कुठूनही धावत आली असती.

चादरीतून चार हात बाहेर आले. त्यांनी बाळ पुढे केलं.

"बाबा, तू धर त्याला," खुर्ची म्हणाली. "आम्ही कामात आहोत."