आत पाणी गेलंय

लतिका फुलमनीला सोबत घेऊनच मोबाइलवाल्याच्या टपरीवर आली. फोन दुरुस्त होवो न होवो, आज हिच्या तोंडून कबूल करून घ्यायचंच, असं तिने ठरवलं होतं.

"भैया, चार्ज नहीं हो रहा. सर्व्हिस सेंटरवाले बोले, अंदर पानी गया है," ती म्हणाली. मग मागे वळून जरा मोठ्याने म्हणाली, "और पानी अपने आप नहीं जाता."

 फुलमनीचं सांगून झालं होतं. सोमवारी टेबल पुसलं ते कोरड्या फडक्याने, आणि फोन उचलून बाजूला ठेवून, हे ती दोन दिवस सांगत होती. लतिकाला त्याचाच जास्त संताप आला होता. एखादी चूक चालते, पण धडधडीत खोटं? तेही सहा वर्षं घरात वावरलेल्या बाईने? सर्व्हिस सेंटरच्या माणसाने चार्जरच्या खाचेत टॉर्च मारून लतिकाला लाल दाखवलं होतं. पाणी शिरलं की आतली खूण लाल होते, आता वॉरंटी विसरा, असं सांगून त्याने फोन परत केला होता. उघडून बघण्याची तसदी त्याने घेतली नव्हती. त्याच संध्याकाळी लतिकाने नवऱ्याच्या फोनवरून सोसायटीच्या ग्रुपवर लिहून टाकलं, की फुलमनीपासून सावध राहा, वस्तू बिघडवते आणि वर खोटं बोलते. सकाळपर्यंत फुलमनीची बाकीची दोन्ही घरं सुटली होती.

मोबाइलवाल्याने फोन कॅमेऱ्याच्या भिंगाखाली धरला. समोरच्या स्क्रीनवर ती खाच वीतभर मोठी दिसायला लागली. आत लाल होतं खरं.

"देखा?" लतिका फुलमनीला म्हणाली.

"मैडम, ये पानी वाला लाल नहीं है." त्याने बारीक चिमटा आत घालून हलकेच कोरलं. कागदावर लाल-पिवळी भुकटी पडली आणि मागोमाग तांदळाची एक कणी. "चावल! चार्जर लगा-लगाकर अंदर ठूँस दिया है. फ़ोन को खाना खिलाते हैं क्या आप लोग?"

टपरीवरची दोन गिऱ्हाइकं हसली. लतिकाला हसू आलं नाही. खंडेनवमीला पाटावर लॅपटॉप, गाडीची किल्ली आणि हा फोन तिनेच मांडला होता. पुण्याला तिचे वडील ऑफिसातल्या टाइपरायटरसाठी घरून हार न्यायचे. ज्यावर पोट चालतं त्याला हळदकुंकू वाहायचं, ही तिची तेव्हापासूनची सवय. यंदा अक्षता तिने चांगल्या मूठभर टाकल्या होत्या. पाट पुसून दिला होता तो फुलमनीने.

मोबाइलवाल्याने खाच ब्रशने साफ केली आणि चार्जर लावला. बॅटरीची खूण उमटली. थोड्या वेळाने फोन सुरू झाला आणि ग्रुपवरचे मेसेज धडाधड येऊन पडले. बरं झालं सांगितलंत. आम्हीही काढलं. पाच-सहा जणांनी नुसते हात जोडले होते. लतिकाने फोन पालथा घातला.

तिला लाज वाटली. आणि लाज वाटली म्हणून त्या सर्व्हिस सेंटरवाल्याचा भयंकर राग आला.

"कैसे लोग हैं!" ती मोबाइलवाल्याला म्हणाली. "ठीक से देखना नहीं, पूछना नहीं, और सीधा इल्ज़ाम लगा देना!"

फुलमनीने तिच्याकडे पाहिलं. चांगलं रोखून पाहिलं. सहा वर्षांत तिने असं कधी पाहिलं नव्हतं.

"चलो फुलमनी, हो गया," लतिका घाईने म्हणाली. "शाम को टाइम से आ जाना."

फुलमनी हलली नाही. तिने टपरीपुढचं स्टूल ओढलं आणि त्यावर बसली.

"ग्रुप में लिखिए, दीदी."

"हाँ, लिखूँगी ना. घर जाकर, आराम से."

"उस दिन आराम से नहीं लिखा था," फुलमनी म्हणाली. "यहीं लिखिए. मुझे पढ़ना नहीं आता. भैया पढ़कर सुनाएँगे, तब उठूँगी."