पाच ओळी, मग खिडकी

“या लेन्सनी उजवा डोळा लांबचं बघेल, डावा जवळचं. थोडे दिवस भांडतील, मग आपापसांत वाटणी करून घेतील,” डोळ्यांच्या डॉक्टर म्हणाल्या.

मुद्रितशोधकांनी आरशात पाहिलं. चष्म्याशिवायचा आपला चेहरा त्यांना कुणा लांबच्या नातेवाइकाचा वाटला. नाकाच्या दोन बाजूंचे चाळीस वर्षांचे खळगे तेवढे ओळखीचे होते.

“आणि वाटणी नाही झाली तर?”

“मेंदूला सवय लावायची. रोज पाच वाजता, उजेड असताना, खिडकीशी बसा. पाच ओळी वाचा, मग लांबची एकच वस्तू बघा. परत पाच ओळी. अर्धा तास. आणि काका, एक डोळा झाकून बघायचं नाही हं. महिन्याने या. नाहीच जमलं, तर चष्मा आहेच.”

पहिला आठवडा वाईट गेला. चहा कपाच्या शेजारी पडला. जिन्याची शेवटची पायरी दोनदा चुकली. छापखान्यातून आलेल्या मजकुरातले अनुस्वार अक्षरांवरून सुटून तरंगत राहिले.

रविवारी धाकट्या बहिणीचा फोन आला.

“दादा, या वयात लेन्स? कुणाला दाखवायचंय?”

“तुला. पण तू येतेस कुठे?”

“मी पाठवलेला शर्ट मिळाला का?”

“मिळाला. केवढ्या रुंद रेघा गं त्या. घालून बाहेर पडलो तर तुरुंगवाले पकडून परत आत नेतील.”

“मग घरात घाल.”

बहीण रविवारीच फोन करायची. उरलेले सहा दिवस घरात बोलणं व्हायचं ते मजकूर मोठ्याने वाचून तपासताना, आणि त्यातला एक शब्दही त्यांचा नसायचा.

लांबची वस्तू म्हणून त्यांनी आधी समोरच्या इमारतीवरची पाण्याची टाकी धरली होती. आठव्या दिवशी टाकीखालच्या खिडकीत एक बाई येऊन बसल्या. मोहरीच्या रंगाचा स्वेटर, आखूड पांढरे केस, हातात पुस्तक. मुद्रितशोधकांनी पाच ओळी वाचून वर पाहिलं, तर बाई थेट त्यांच्याकडेच बघत होत्या. त्यांनी घाईने मान खाली घातली. पाच ओळींनी पुन्हा वर केली. बाईंनीही केली.

त्या दिवशी बाकीचे कपडे धुवायला पडले होते, म्हणून अंगात बहिणीचा शर्ट होता.

दुसऱ्या दिवशी ते पांढरा शर्ट इस्त्री करून बसले. बाईंनी दोनदा पाहिलं, पुस्तक मिटलं आणि उठून गेल्या. तिसऱ्या दिवशीही तेच. चौथ्या दिवशी त्यांनी पुन्हा रेघांचा शर्ट चढवला, तर बाई पूर्ण अर्धा तास बसल्या.

एकच गोष्ट पुन्हापुन्हा दिसली की तो योगायोग नसतो, हे त्यांना कामाने शिकवलं होतं. ते बाजारात गेले आणि रेघांचे आणखी दोन शर्ट घेऊन आले. त्यातल्या एकाच्या रेघा बारीक होत्या. तो घातला त्या संध्याकाळी बाई इतक्या पुढे झुकल्या, की त्यांचं कपाळ काचेला टेकेल असं वाटलं.

एकदा धीर करून त्यांनी हात छातीपर्यंत उचलला. बाईंचाही हात वर आला, डोळ्यापर्यंत गेला आणि क्षणभर तिथेच थांबला. त्या दिवशी त्यांनी ओळी मोजल्या नाहीत.

डोकं दुखायचं थांबलं. चहा कपात पडू लागला. फडताळात मागे गेलेला दुसरा कप त्यांनी धुऊन, पुसून पुढे आणून ठेवला.

महिना झाला, वर आठवडा उलटला, तरी ते दवाखान्यात गेले नाहीत. डॉक्टर म्हणाल्या, आता सराव पुरे, तर? शेवटी तिथूनच बोलावणं आलं. जाण्याआधी त्यांनी एक वाक्य तयार केलं. परत आल्यावर थेट समोरच्या इमारतीत जायचं आणि म्हणायचं, ‘आपण रोज एकमेकांना बघतो, आता बोलायला हरकत नाही.’ मग सवयीने त्यातला ‘आता’ खोडला.

दवाखान्याच्या बाकावर ते एकटेच होते. दार उघडलं आणि मोहरीच्या रंगाचा स्वेटर आत आला. बाई त्यांच्या शेजारीच बसल्या.

“आत कुणी आहे का हो?”

“आहे,” मुद्रितशोधक म्हणाले. तयार वाक्यातला एकही शब्द हाती लागेना.

बाईंनी मान डोलावली आणि भिंतीवरचं घड्याळ बघत बसल्या. ओळख दिसली नाही. पण त्यात नवल काय, त्यांनी स्वतःला समजावलं. गारव्यामुळे आपण स्वेटरची बटणं गळ्यापर्यंत लावून आलोय. शिवाय लांबून ओळख झालेल्या माणसाला जवळून ओळखायला वेळ लागणारच.

आधीचा माणूस बाहेर आला. बाईंची वेळ आधीची होती, डॉक्टरांनी त्यांनाच बोलावलं. दार नीट लागलं नाही. बाई बाहेर येतील तेव्हा रेघा दिसायला हव्यात, म्हणून मुद्रितशोधकांनी वरचं बटण काढलं.

“काय, झाली का वाटणी?” आतून डॉक्टरांचा आवाज आला.

“झाली की. रोज पाच वाजता पाच ओळी, मग लांब. तुम्ही सांगितलं तसंच.”

“डोळा झाकून नाही ना बघितलं?”

“एकदाच झाकला. राहवलं नाही.”

मुद्रितशोधकांचा हात दुसऱ्या बटणावर होता.

“आणि लांबचं काय बघता?”

“समोरच्या खिडकीत एक रेघांचा शर्ट असतो. रेघा सुट्या सुट्या दिसल्या की समजायचं, डोळा बरोबर आहे. पांढरा असला की काही उपयोग नाही, मी उठते. पण हल्ली रोज रेघाच असतात. मध्ये एकदा तर बारीक होत्या, त्याही मोजल्या मी.”

डॉक्टर हसल्या. “नुसता शर्ट कसा असेल? आत माणूस असेल ना. त्याचा चेहरा दिसतो का स्पष्ट?”

“चेहरा? काय माहीत. मी कॉलरच्या वर कधी बघितलंच नाही.”