पुलाखालचा डोळा

सूर्य मावळेपर्यंत पुलाखालच्या यांत्रिक डोळ्यासमोरून एकही मासा गेला नाही, तर नदी मेली असं ठरणार होतं आणि धरणाचं सगळं पाणी बोगद्यातून शहराकडे वळणार होतं. मासे होते, पण पुलाच्या अलीकडे, देवाच्या डोहात.

"हुसकव त्यांना, शेवंते!" सासरे काठावरून ओरडले. "मार दगड!"

या माशांना गावात कुणी कधी बोटही लावलं नव्हतं. शेवंता तर रोज पाण्यावर हात आपटून त्यांना लाह्या घालायची. तिने दगड भिरकावला.

पाणी उडालं. तो आवाज ऐकताच डोहातले सगळे मासे लाह्यांच्या आशेने तोंडं वासत तिच्या पायांशी गोळा झाले.

धरणाचे दरवाजे बंद होण्याचा भोंगा वाजला, तरी मासे हलले नाहीत.